पहिला अ‍ॅक्शन आरपीजी (आपलं पात्र वाढवत लढायचा गेम) कसा सुरू केलात? मुंबईकरांनो, अनुभव येऊ द्या

दादर (धागा काढणारा)

मंडळी, दिवाळीत ओळखीच्या बऱ्याच घरांत प्लेस्टेशन आला आणि आता एकेकाचा मेसेज येतोय. 'एल्डन रिंग घेतला, बाहेर पडल्या पडल्या घोडेस्वाराने आडवा केला. डिस्क विकून टाकू का?' विकू नका. यूट्यूबवर व्हिडिओंचा खच पडलाय, पण ते बहुतेक गेम संपवून बसलेल्यांचे. मला हवाय पहिला आठवडा. आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर, मिळेल त्या वेळेत तुमचं गाडं कशामुळे पुढे सरकलं ते लिहा. दुसरा कुठला गेम असेल तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा या धाटणीचं काही मी खेळलो नव्हतो. सुरुवातीच्या थडग्यांतून वर येऊन दार ढकललं की समोर लिमग्रेव्हचं माळरान आणि त्यावर सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनल गस्त घालत फिरतोय. माझं ठाम मत आहे की त्याला तिथे मुद्दाम ठेवलाय. समोर दिसला म्हणून लढायलाच हवं असं या गेममध्ये नाही, हे तो पहिल्या पाच मिनिटांत शिकवतो. त्याला वळसा घाला, झाडांच्या आडून चर्च ऑफ एलेह गाठा. तिथे कॅले नावाचा व्यापारी बसलाय, त्याच्याकडून क्राफ्टिंग किट घ्या. मग रस्त्याने गेटफ्रंटच्या ग्रेसपाशी (विसाव्याची सोनेरी जागा) जाऊन बसलात की मेलिना येते. ती भेटेपर्यंत लेव्हल वाढवताच येत नाही. टोरेंट घोडाही तीच देते.

आणि घोडा मिळाला की पुन्हा एकदा एलेहला जा. रेना भेटते आणि आत्म्यांना बोलावायची घंटा देते, सोबत तीन लांडग्यांच्या अस्थी. एकट्याने खेळणाऱ्याला हे लांडगे म्हणजे मोठा आधार: बॉसचं (मोठ्या शत्रूचं) लक्ष त्यांच्याकडे गेलं की आपल्याला औषध प्यायला उसंत मिळते. पुष्कळ जण मागे वळतच नाहीत आणि मग घंटा राउंडटेबल होल्डमध्ये विकत घ्यावी लागते.

येऊ द्या.

मुलुंड, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष

व्हिगर, म्हणजे आपला जीव किती ते ठरवणारा आकडा. आमच्या ग्रुपमध्ये नवा भिडू आला की पहिला प्रश्न हाच असतो, व्हिगर किती? सुरुवातीचे रुन्स (शत्रू मारून मिळणारं चलन) बिनधास्त त्यात घाला. ताकद किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) एका अंकाने वाढवली तर फटक्यात फरक जाणवत सुद्धा नाही, पण दोन फटक्यांत मरणारा माणूस तिसरा फटका झेलू लागला तर सगळी लढाईच बदलते. बॉसला बघायला वेळ मिळतो ना! पुढे ४० पर्यंत न्यायचंच आहे.

फटका वाढवायचा असेल तर शस्त्र वाढवा. लिमग्रेव्ह टनेल्स म्हणून एक खाण आहे, तिथल्या भिंतींत शस्त्र वाढवायचे स्मिदिंग स्टोन चमकत असतात. एलेहच्या चर्चमधल्या टेबलावर +३ पर्यंत शस्त्र स्वतःच करता येतं, लोहार नको.

आणि वजन! इक्विप लोड ७०% च्या वर गेला की रोल (फटका चुकवायची कोलांटी) पार जड होतो, धप्पकन पडल्यासारखा. जड चिलखत दिसलं की घालावंसं वाटतं, पण एखादा तुकडा काढा आणि ७०% च्या आत राहा.

सायन, नर्स

माझ्या ड्युट्या फिरत्या. त्यामुळे मला सगळ्यात आधी हे कळायला हवं होतं की हा गेम पॉज होत नाही. मेनू उघडला तरी मागचा सैनिक चालत येतोच. वॉर्डमधून फोन आला की मी ऑप्शन्स दाबून सरळ क्विट गेम करते. परत आले की जिथे उभी होते तिथेच उभी. बॉसच्या खोलीत असाल तर मात्र धुक्याच्या दाराबाहेर आणून ठेवतो, लढाई पहिल्यापासून.

नाइट करून आल्यावर नवा बॉस नाही, हा माझा नियम. त्या सकाळी मी घोड्यावरून नुसती हिंडते, फुलं-पानं गोळा करते, जवळच्या चर्चमधून सेक्रेड टिअर आणते. एक लहान सोनेरी झाड दिसतं, त्याच्या बुडाशी गोल्डन सीड असतं. सीडने औषधाचे घोट वाढतात, टिअरने प्रत्येक घोटाचा गुण. दमलेल्या माणसाला हे अर्ध्या तासात जमतं आणि पुढच्या लढाईला खरंच कामी येतं. उठण्याआधी हातातले रुन्स खर्च करून टाका. मेलात तर ते तिथेच पडतात आणि उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. खर्च झालेले कुणी नेत नाही.

गिरगाव

आधी टीव्हीबद्दल, कारण यावर कुणीच बोलत नाही. रिमोट घ्या, पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड शोधा, चालू करा. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर काहीतरी प्रक्रिया करतो आणि त्यात बटण दाबणं आणि पडद्यावर रोल होणं यात फट पडते. मालिका बघताना काही बिघडत नाही. इथे त्या फटीत फटका बसतो. आमचा टीव्ही जुना, त्यात हा मोड तीन मेनू खाली लपला होता. चालू केल्यावर वर्तुळाचं बटण आणि रोल यांची गाठ पडली.

आता आजीबद्दल. चाळीतली खोली एक, टीव्ही एक, त्यामुळे तिची मालिका संपली की मी आणि ती शेजारी बसलेली. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर मार्गिट हा बॉस. मी प्रत्येक वेळी त्याने काठी उचलली की रोल मारायचो आणि उठताना मार खायचो. आजी लसूण सोलत बघत होती. म्हणाली, "अरे, तो काठी वर धरून थांबतोय. तू खाली पडलास की मग मारतोय. त्याचा हात खाली येईस्तोवर हलू नकोस की." शब्दन् शब्द खरा. मार्गिट फटका मुद्दाम लांबवतो, घाबरून आधी हलणाऱ्यालाच पकडतो. काठी नाही, खांदा बघायचा. आणि मागे पळण्यापेक्षा त्याच्या अंगावर, पुढच्या दिशेने रोल मारायचा, म्हणजे काठी डोक्यावरून जाते.

तुमच्या घरात कुणी नुसतं बघत बसणारं असेल तर विचारा त्यांना काय दिसतंय. कंट्रोलर हातात नसलेल्या माणसाला बॉस जास्त स्वच्छ दिसतो.

दादर

आजींना नमस्कार सांगा! मार्गिटवर अडकलेल्यांसाठी माझी भर: ग्रेसमधून निघणारा सोनेरी किरण तुम्हाला थेट त्याच्याच दारात नेऊन सोडतो, म्हणून नवखे फार लवकर पोचतात. किरण दिशा दाखवतो, आत्ताच जा असं सांगत नाही. तिथून फिरा आणि दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात जा. शत्रू सोपे, चर्चेस जवळजवळ, खाणही आहे. तो भाग पालथा घालून परत आलात की तोच मार्गिट वेगळा वाटेल. धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी खूण दिसली तर रॉजियर नावाचा जादूगारही मदतीला बोलावता येतो. घ्या मदत, त्यात कमीपणा काही नाही. गेम बनवणाऱ्यांनीच ती तिथे ठेवलीय.

बोरिवली, वय ५४

मी एल्डन रिंगने सुरुवात केली नाही आणि माझ्या वयाच्या कुणी करावी असं मला वाटत नाही. त्यात सोपं-कठीण असा पर्यायच नाही. माझ्या भाच्याने मला 'द विचर ३' लावून दिला. २०१५ चा गेम आहे, पण अजून सुंदर दिसतो. काठिण्य मधेच कधीही बदलता येतं, त्यामुळे पहिले काही दिवस निव्वळ गोष्टीसाठी खेळलो आणि हात बसल्यावर एक पायरी वर गेलो. व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्या गावातून घाईने निघू नका. तिथे सहा प्लेसेस ऑफ पॉवर आहेत, प्रत्येक ठिकाणी कौशल्य घ्यायला एक अ‍ॅबिलिटी पॉइंट मिळतो.

नवख्याने लक्षात ठेवायचं एकच: कौशल्य विकत घेऊन भागत नाही, ते उजवीकडच्या रिकाम्या खणात ओढून बसवावं लागतं. तोवर त्याचा उपयोग शून्य. आणि लढाईत शिरण्यापूर्वी क्वेन ही जादू लावा, पहिला घाव ते कवच झेलतं. बोटं मंद असली तरी चालतं.

अंधेरी

डिस्क जुन्यात घेणार असाल तर लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी घरातला कन्सोल बघा. डिजिटल एडिशनला डिस्कची फटच नसते. एल्डन रिंगची पीएस४ डिस्क स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, पीएस५ वर फुकट अपग्रेड होते.

विक्रोळी

एल्डन रिंग भाऊ-भाऊ मिळून खेळायचं असेल तर: पीएस प्लस (प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा) लागतं, ते आधी बघा. मग दोघांनी मल्टिप्लेअर सेटिंगमध्ये एकच पासवर्ड टाकायचा, म्हणजे एकमेकांना बोलवायच्या खुणा सापडतात. खूण दिसायला फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी वापरावी लागते. ती एर्डलीफची दोन फुलं घेऊन बनते, वर सांगितलेला क्राफ्टिंग किट त्यासाठीच हवा. सोबत असताना घोडा चालत नाही. आणि दादाच्या जगात बॉस मारला तरी आपल्या जगात तो जिवंतच असतो, तेव्हा दोनदा मारायची तयारी ठेवा. आम्हाला तेच आवडतं.

चेंबूर

लिमग्रेव्हमधल्या ड्रॅगन-बर्न्ट रुइन्समधली पेटी उघडलीत आणि धुरातून भलत्याच खाणीत पोचलात तर गेम बिघडलेला नाही. ती केलिड या दुसऱ्या भागातली सेलिया क्रिस्टल टनेल, तुमच्या लेव्हलच्या कितीतरी पुढची. आत असताना नकाशावरून उडी मारता येत नाही. लढू नका, वाकून चालत बाहेरचं तोंड शोधा. उघड्यावर आलात की नकाशा उघडून लिमग्रेव्हला परत या.

दादर

वडाळ्याहून एकाने विचारलंय, सुरुवातीचं पात्र सामुराई घेऊ की अ‍ॅस्ट्रॉलॉजर (जादूगार)? तलवारीची हौस असेल तर सामुराई. उचिगाताना रक्तस्राव करते, लांब धनुष्य पहिल्यापासून हातात असतं, एकेका शत्रूला दुरून बाण मारून बाजूला ओढता येतं. लांबूनच लढायचं असेल तर अ‍ॅस्ट्रॉलॉजर, पण कुणी अंगाशी आला की जीव लहान. रेच हे पात्र मात्र आत्ता नको, तो लेव्हल १ वर, हातात नुसता सोटा घेऊन, चिलखताशिवाय सुरू होतो. आणि निवड चुकेल या भीतीने पहिल्या स्क्रीनवर तासभर बसू नका. पुढे लियुर्निया या भागात रेनाला या बॉसला हरवलंत की लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळे अंक पुन्हा वाटून घेता येतात.