मेंदूच्या पेशी वाढतच नाहीत म्हणतात, मग गाठ कुठून आली?

राजारामपुरी_वहिनी
नमस्कार मंडळी. माझ्या दिरांना (वय ३६) मध्यंतरी अचानक फिट आली, एमआरआयमध्ये कपाळाच्या बाजूला गाठ दिसली आणि मिरजेत ऑपरेशन झालं. आता भावजी बरे आहेत, बोलतात, जेवतात, फक्त लवकर थकतात. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ग्लायोमा ग्रेड २, आयडीएच म्युटंट असं लिहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं सगळं, पण त्या वेळी आम्ही इतके हबकलेलो की कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही.

शाळेत शिकलो होतो की मेंदूच्या पेशी नवीन होत नाहीत, मेल्या की गेल्या. मग जिथं वाढच नाही तिथं गाठ कशी वाढली? सासूबाई म्हणतात मोबाईलमुळं. आणि नणंदेच्या मिस्टरांनी एक पावडर आणून दिलीय, डब्यावर छापलंय "मेंदूच्या नवीन पेशी तयार करते". ती द्यावी का? प्लीज माहिती असेल त्यांनीच सांगा, घाबरवू नका.

सागरमाळ_रिसर्च
वहिनी, मी इथंच विद्यापीठात बायोटेकला पीएचडी करतोय, डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं त्यांनाच विचारा, पण पेशींचं सांगतो.

शाळेत शिकवलं ते न्यूरॉनबद्दल, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या पेशींबद्दल, आणि न्यूरॉन खरंच विभागत नाहीत. पण मेंदूत नुसते न्यूरॉन नसतात हो, त्यांना सांभाळणाऱ्या, त्यांच्यावर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या ग्लिया पेशी पण तितक्याच असतात. मायलिनवाल्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या कच्च्या पेशी मोठेपणी पण विभागत राहतात, शिवाय मेंदूतल्या पोकळ्यांच्या भिंतीला मूळ पेशी असतात. ग्लायोमा म्हणजे ग्लियासारख्या पेशींची गाठ, ती अशाच कुठल्यातरी पेशीत सुरू होते असं संशोधक मानतात. २०१८ मध्ये कोरियाच्या टीमनं दाखवलं की ग्लायोब्लास्टोमाच्या बऱ्याच पेशंटमध्ये गाठीतले मुख्य बिघाड, गाठीपासून लांब असलेल्या त्या भिंतीतल्या पेशींमध्ये आधीच होते. (ग्लायोब्लास्टोमा वेगळा आणि जास्त आक्रमक, तुमच्या भावजींचा तो नाही.)

आता आयडीएच. हे पेशीतलं एक एन्झाइम आहे. त्यात बिघाड झाला की ते २-एचजी नावाचं भलतंच केमिकल बनवायला लागतं, आणि त्यामुळं पेशीची मोठं होण्याची जी जीन्स आहेत ती उघडतच नाहीत. म्हणजे पेशी वयात येतच नाही, कच्चीच राहते आणि विभागत बसते. ग्लायोमातला हा बिघाड २००८ मध्ये सापडला, आणि आता नेमकं तेच एन्झाइम अडवणारी व्होरासिडेनिब नावाची गोळी आलीय, ग्रेड २ च्या आयडीएच म्युटंट गाठीसाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. ट्रायलमध्ये गाठ परत वाढायला गोळीवाल्यांना सरासरी २७.७ महिने लागले, नुसत्या खोट्या गोळीवाल्यांना ११.१. भावजींना ती लागू आहे का, इथं मिळेल का, परवडेल का, हे ऑन्कोलॉजिस्टना स्पष्ट विचारा.

मोबाईलचं म्हणाल तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध सापडला नाही. सासूबाईंना सांगा, भावजींनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही.

पंचगंगा_काठ
पेशी होतच नाहीत हे पण अर्धंच खरं आहे. १९९८ मध्ये एरिकसन आणि गेज यांनी मोठ्या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींचा भाग) मूळ पेशींपासून झालेले नवे न्यूरॉन दाखवले होते, आणि ते पण कॅन्सरच्या पेशंटच्या मेंदूत, कारण वाढणाऱ्या पेशी ओळखायचं रसायन त्यांना जिवंतपणी तपासणीसाठी दिलेलं होतं. आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी पण उंदीर-घुशींमध्ये यावर काम केलंय. म्हणून व्यायाम, झोप, हे सगळं चांगलंच आहे की.

सागरमाळ_रिसर्च
व्यायाम चांगलाच, त्यात वादच नाही. पण २०१८ मध्ये एका टीमनं म्हटलं की मोठ्या माणसात नवे न्यूरॉन जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसरी टीम म्हणाली म्हातारपणापर्यंत दिसतात. भांडण अजून चालू आहे. आणि हे मोजायला माणूस गेल्यावर मेंदूचे काप काढावे लागतात, पावडरवाल्यानं ते कधी केले हे त्याला विचारा की. वहिनी, ती पावडर देऊ नका, फिटच्या गोळ्यांशी तिचं काय होईल सांगता येत नाही. आणि खरं सांगू का, ज्या मेंदूत पेशी वाढायचं थांबत नाहीत हाच आजार आहे तिथं "पेशी वाढवणारं" काही द्यायची कल्पनाच मला पटत नाही.

मायक्रोटोम
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वहिनी, एक काम आजच करा, ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, पुढं टाटाला किंवा दुसरीकडं ओपिनियन घ्यायचं झालं तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतो आम्ही, पाण्यावर तरंगवून काचेवर घेतो, आणि आयडीएचचं अँटीबॉडी लावलं की बिघडलेल्या पेशी तपकिरी होतात, शेजारच्या चांगल्या पेशी निळसरच राहतात. तेव्हा दिसतं की गाठीला कडाच नाही, चांगल्या भागात सुद्धा एक-एक तपकिरी पेशी शिरलेली असते. ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो तसं आहे हे, म्हणून गाठ पूर्ण काढली म्हटलं तरी ठरलेल्या तारखेचा एमआरआय चुकवायचा नाही. रिपोर्टमध्ये केआय-६७ चे टक्के आणि १पी/१९क्यू लिहिलंय का बघा, केआय-६७ वरून किती पेशी विभागतायत ते कळतं आणि १पी/१९क्यू वरून प्रकार ठरतो.

राजारामपुरी_वहिनी
खूप खूप आभार सगळ्यांचे. केआय-६७ तीन टक्के आहे. १पी/१९क्यू पुढं "अॅडव्हाइज्ड" एवढंच आहे. अजून एक, भावजी शिक्षक आहेत, त्यांनी कुठंतरी वाचलं की विचार केल्यानं गाठ वाढते, म्हणून पुस्तकच हातात घेईनात. हे खरं आहे का?

मायक्रोटोम
अॅडव्हाइज्ड म्हणजे टेस्ट करा असं सुचवलंय, अजून केलेली नाही. करून घ्या, उपचार त्यावर ठरतात.

सागरमाळ_रिसर्च
ते कुठून आलं सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मिशेल मोंजे आणि जर्मनीतल्या एका टीमनं दाखवलं की न्यूरॉन ग्लायोमाच्या पेशींशी चक्क सिनॅप्स (संदेश द्यायचे सांधे) जोडतात आणि त्यांच्या सिग्नलवर गाठीला वाढायला मदत होते. लहानपणी मेंदू घडताना न्यूरॉनच्या सिग्नलवर कच्च्या पेशी वाढतात, तीच यंत्रणा गाठ वापरून घेते. पण यावरून वाचन बंद करा असं कुणीच म्हटलेलं नाही, मेंदू झोपेत सुद्धा काम करतच असतो. उलट ही जोडणी औषधानं तोडता येईल का यावर ट्रायल चालू आहेत, फिटच्या एका गोळीची पण आहे. भावजींना वाचू द्या, शिकवू द्या. फक्त फिटची गोळी मनानं बंद करायची नाही.

इचलकरंजी_आई
वहिनी, माझ्या मुलीला लहानपणी मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतली कॅन्सरची गाठ) होता. टाटाच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की बाळ जन्मल्यावर लहान मेंदूतल्या पेशी भराभर वाढतात आणि मग थांबतात, काही पोरांत ते थांबायचंच राहून जातं. ऐकून मला लई धीर आला, कारण तोवर मी गरोदरपणात काय खाल्लं तेच आठवत बसायचे. पोरगी आता कॉलेजात आहे. मुंबईला जायचं झालं तर महालक्ष्मीनं रात्री निघा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटच्या राहण्याची चौकशी करा आणि महात्मा फुले योजनेची कागदं बरोबर ठेवा. मुक्कामाचं काही विचारायचं असेल तर मला मेसेज करा.

राजारामपुरी_वहिनी
ताई, मेसेज केलाय. पावडर परत पाठवली, आणि ब्लॉकसाठी दीर स्वतःच जातो म्हणतायत, मी बरोबर जाणार आहे.