वंशावळ कुठे ठेवायची?
वंशावळीच्या मोठ्या साइटवर जिवंत माणसांची माहिती आपोआप झाकली जाते, मग तिथे ठेवायला भीती कसली, असं काही जण म्हणतात. अनोळखी लोकांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण गळती होते ती भावकीतून. आमच्या खानापूरकडच्या घराण्याची पूर्ण वंशावळ मी विश्वासाने चुलतभावाला पाठवली, त्याने ती भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि महिन्याभरात जमिनीचा एक दलाल आत्याच्या दारात उभा. तिचं सासर, जन्मतारीख, वडिलोपार्जित शेतात किती वारस, सगळं त्याला तोंडपाठ. आत्या एकटी राहते, फार घाबरली होती. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून मी ग्रॅम्प्स (Gramps) हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते. मोफत, मुक्तस्रोत, आणि माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. एकेका नोंदीला 'खाजगी' असं कुलूप लावता येतं, आणि दुसऱ्याला फाइल काढून देताना खाजगी नोंदी आणि जिवंत माणसं दोन्ही वगळता येतात. मात्र कोण जिवंत हे ते तारखांवरून ताडतं, म्हणून निदान जन्मसालं तरी अंदाजाने भराच. बॅकअपही आपणच घ्यायचा, मी पेनड्राइव्हवर घेते.

आपल्या बेळगाव भागासाठी आणखी एक सोय: एकाच माणसाला पर्यायी नावं देता येतात. नाडकचेरीच्या (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशवृक्ष दाखल्यावर कन्नडमध्ये आडनाव एक, शाळेच्या मराठी दाखल्यावर दुसरंच, ही आपली नेहमीची अडचण. दोन्ही रूपं तशीच्या तशी नोंदवून ठेवा.