उलटे टांगलेले टोमॅटो: तुमचं काय झालं?

पुण्यात आमच्या कर्वेनगरच्या गॅलरीत दोघं उभे राहिले की तिसऱ्याने आत जायचं, एवढीच जागा. कुंड्या खाली ठेवल्या की केर काढणाऱ्या मावशी कुरकुरतात. म्हणून ऑक्टोबरात रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतली, बुडाला दोन इंचांचं भोक पाडलं, जुन्या उशीतला स्पंज चिरून रोपाच्या गळ्याभोवती बसवला आणि रोप खाली लोंबतं ठेवून बादली छताला टांगली.

आठवडाभर रोप मुकाट लोंबलं. मग शेंडा वळला आणि निघाला वर! महिन्याभरात खोडाचा अगदी हुकासारखा आकडा झाला. जानेवारीत फळं धरली तेव्हा त्यांच्या वजनाने फांद्या पुन्हा खाली आल्या. एकूण पावणेदोन किलो निघाले, त्यातल्या निम्म्यांच्या बुडाला काळा डाग. तेवढा भाग कापून बाकीच्यांचं सार केलं.

तुमच्यापैकी कोणी हा उद्योग केलाय का? बादली केवढी, ऊन किती, पाणी कसं आणि शेवटी ताटात किती आले, ते खरंखरं लिहा. फसलेलं आधी लिहा. नावाऐवजी आपला भाग टाकला तरी चालेल.

धनकवडी
आधी सांगा, हुक कशात ठोकलात? मी अशीच २० लिटरची बादली माती भरून, पाणी घालून वजनकाट्यावर ठेवली. २७ किलो! आमच्याकडे गॅलरीला पीओपीचं छत. तिथे टांगली असती तर टोमॅटोआधी छत खाली आलं असतं. शेवटी पीओपी कापून वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून घेतला. साखळी आणायला बोहरी आळीत गेलो, तर दुकानदार म्हणाला, "झोपाळा का?" म्हटलं, हो. टोमॅटो म्हणालो असतो तर पुढची १० मिनिटं त्यातच गेली असती.
आता १० लिटरची बादली वापरतो. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. भिजल्यावरही ९ किलोच्या आतच भरते. पण एवढ्याशा बादलीत मोठा टोमॅटो नीट पोसत नाही, छोट्या फळांचा चेरी टोमॅटोच लावावा.

सदाशिव पेठ
रोपाला वर जायचंय, तुम्ही खाली सोडताय, ते परत वर जातंय. यात कष्ट नक्की कोणाचे वाचले?

शिवाजीनगर
(कृषी पदवीधर आहे, पण नोकरी बँकेत. तरी राहवत नाही.) खोड आडवं किंवा उलटं झालं की त्यातलं ऑक्सिन (वाढीचं संप्रेरक) जमिनीकडच्या बाजूला जास्त साठतं. त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा वर वळतो. उजेडाकडे झुकण्याची ओढ वेगळीच. त्यामुळे आकडा होणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त वळणाच्या जागी खोडाला हात लावू नका, ते तिथेच पिचकतं.
काळ्या डागाला अंड्याची टरफलं घालून लगेच फरक पडत नाही. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण मातीत ते बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं. पाणी एक दिवस भसाभस आणि दोन दिवस कोरडं असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. टांगलेल्या बादलीला चहूबाजूंनी वारा लागतो, ती जमिनीवरच्या कुंडीपेक्षा फार लवकर सुकते. खरी मेख तिथे आहे.

धायरी
आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की नेमका त्याच दिवशी टोमॅटो माना टाकतो! बादलीत माती भरताना मधोमध एक बाटली उलटी पुरली, तिच्या झाकणाला सुईने दोन भोकं आणि बूड कापलेलं. रात्री ती भरून ठेवते. डाग जवळजवळ गेले.
पण खालच्या मजल्याचं काय करायचं? साध्या कुंडीखाली ताटली ठेवता येते, इथे तर खालूनच झाड निघालेलं. जादा पाणी खोडावरून, पानांवरून ओघळतं आणि थेट खालच्या काकूंच्या कुरडयांवर. तिसऱ्या दिवशी जिन्यात पाटी: 'वरून येणारे पाणी पावसाचे नाही. संबंधितांस ठाऊक आहे.' आता एकदम तांब्याभर न घालता पाव पाव तांब्या घालते आणि थेंब दिसला की थांबते.

हडपसर
२०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेले तेव्हा पेटून उठलो आणि भर पावसात ४ बादल्या टांगल्या. पानं सतत ओली, बुडापासून वरपर्यंत करपा. एका बादलीने तग धरला. तिचे टोमॅटो लाल झाले तोवर सप्टेंबरात भाव इतके पडले होते, की शेतकरी ते रस्त्यावर ओतत होते. माझे ११ टोमॅटो. हुक, साखळी, बादल्या धरून एक टोमॅटो कितीला पडला, ते घरात कोणी काढू नये म्हणून मी बिलं फाडली.

वारजे
पानांवर पांढरट, फुगीर, नागमोडी डाग दिसले तर उगाच खत घालत बसू नका, ती नागअळी. टुटा म्हणतात तीच. भारतात ती पहिल्यांदा आढळली २०१४मध्ये, आपल्या पुण्यातच. (हाही मान आपल्याकडेच.) आत अळी असलेली पानं खुडून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली पडू देऊ नका. मी कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) लावला होता, पतंग किती आहेत ते तरी कळलं. उलट्या झाडाचा एक फायदा मात्र मानलाच पाहिजे, पानांची खालची बाजू डोळ्यासमोर येते.

शिवाजीनगर
वर राहून गेलं. इथे लावायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मार्चअखेर पारा ३५च्या वर गेला की फुलं गळतात, मग झाड सुलटं असो की उलटं. गॅलरीत वारा अडत असेल तर सकाळी फुलांच्या झुपक्यावर बोटाने टिचकी मारा, पराग पडतात.

बाणेर
मी उलटं करणं सोडलं. लोंबणारा चेरी टोमॅटो साध्या टांगत्या कुंडीत सुलटाच लावला. तो आपणहून कडेवरून खाली उतरतो, स्पंज नको, भोक नको, खाली ताटलीही बसते. मागच्या थंडीत डिसेंबर ते मार्च रोज मूठभर निघत होते, मुलगी शाळेतून आल्यावर परस्पर फस्त करायची. त्यामुळे वजन माहीत नाही.

औंध
माझी हकीकत छोटी आहे. बादलीचं वरचं तोंड उघडं ठेवलं होतं. चार दिवस गावाला जाऊन आलो तर आत कबुतर, खाली दोन अंडी. आई म्हणाली, "आता पाणी घालायचं नाही." अडीच आठवडे ती वर बसली आणि खाली झाड वाळलं. मग पिल्लं. बादली अजून तशीच टांगलेली आहे, आणि केरवाल्या मावशी आता माझ्याशी बोलत नाहीत.