मदत हवी आहे: साइड मिरर कितीही फिरवले तरी शेजारची गाडी दिसत नाही

नवी_चालक: लायसन मिळून तीन महिने झाले. मिरर नीट सेट करूनही शेजारून येणारी गाडी मध्येच गायब होते. काल लेन बदलताना इंडिकेटर दिला, मिररमध्ये बघितलं, रिकामं होतं, स्टिअरिंग वळवलं आणि खिडकीला खेटूनच बाइकवाल्याचा हॉर्न. घरी येईपर्यंत हात थरथरत होते. नेमकं कसं सेट करायचं ते सांगा, उद्या सकाळी परत गाडी काढायचीय. "सराव करा" हे प्लीज नको.

गिअरबॉक्स: कोणत्या बाजूचा मिरर? आणि नेहमीसारखं बसल्यावर त्यात काय काय दिसतं?

जुना_चालक: चिकटवायचे छोटे गोल आरसे मिळतात ते लावा, विषय संपला. माझ्या दोन्ही गाड्यांना आहेत.

गिअरबॉक्स: @जुना_चालक आधी मूळ मिरर तर नीट होऊ द्या. गोल आरसा फुगीर असतो, त्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, नव्या माणसाला अंतराचा अंदाज येणार कसा?

नवी_चालक: ड्रायव्हरच्या बाजूचाच. मागच्या दाराचं हँडल दिसतं, दार पूर्ण दिसतं, उरलेल्या जागेत रस्ता. शिकवणाऱ्या सरांनीच असं करून दिलं होतं.

गिअरबॉक्स: मग घोळ इथेच आहे, अर्धा आरसा तुमच्याच गाडीने भरलाय. सरळ मागचं आतला आरसा दाखवतोच, बाहेरच्याने बाजूचं दाखवायचं. डोकं खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवा आणि तिथून गाडीची कड जेमतेम दिसेल इतका मिरर बाहेर फिरवा. मग दोन्ही सीटच्या मधोमध डोकं आणून पलीकडचा तसाच. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसणार नाही, घाबरू नका. जॉर्ज प्लॅट्झर या इंजिनिअरने १९९५ मध्ये एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या पेपरात हीच पद्धत मांडलीय.

वाटसरू: मला नाही पटत. कड दिसलीच नाही तर आरसा कुठे बघतोय हे कळणार कसं? मी बोटभर कड ठेवतो आणि लेन बदलताना मान वळवून बघतो. मान वळवायला पर्याय नाही.

गिअरबॉक्स: मान वळवू नका असं कुठे म्हटलं? पण आरशातच दिसलं तर मान कमी वळवावी लागते, तेवढा वेळ पुढचा रस्ता सुटत नाही. आणि कड हवीच असेल तेव्हा डोकं जरा खिडकीकडे न्या, दिसते.

जुन्या_गाड्या: थोडं अवांतर, १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० मध्ये रे हॅरूनने गाडीला आरसा लावला होता. बाकीच्यांकडे मागे लक्ष ठेवायला शेजारी मेकॅनिक असायचा, हा एकटा. शर्यत तोच जिंकला.

रात्रपाळी: मागच्या गाडीचे लाइट डोळ्यांवर येत असतील तर आतल्या आरशाखालची छोटी पट्टी ओढा, लगेच अंधुक होतो. बऱ्याच जणांना ती कशासाठी असते तेच माहीत नसतं.

नवी_चालक: अहो रात्रीचं नाही विचारलं मी! @गिअरबॉक्स आत्ताच खाली जाऊन करून बघितलं, मस्त दिसत होतं, पण मग नीट बसले तर मिररमध्ये नुसतं डांबर. काच ढिली आहे का?

मीनल_क: ताई, गाडी अजून कोणी चालवतं का? आणि सीट कधी सेट करता, मिररच्या आधी की नंतर?

नवी_चालक: भाऊ चालवतो, वीतभर उंच आहे माझ्यापेक्षा. तो आला की मी आधी मिरर फिरवते, मग सीट पुढे ओढून लिव्हरने वर घेते.

मीनल_क: मग काच ढिली नाही. मिरर लावून झाल्यावर तुमचे डोळे वर गेले, म्हणून आरसा खालचं दाखवतोय. आधी सीट, पाठ, उंची. मग आतला आरसा, मागची काच त्यात पूर्ण मावेल असा. बाहेरचे सगळ्यात शेवटी, क्षितिज मधोमध ठेवून. भावानंतर दर वेळी परत करायचं.

गिअरबॉक्स: आणि भावाला एका लेनएवढं अंतर सोडून मागून पुढे चालत यायला सांगा. आतल्या आरशातून सुटायच्या आत तो बाहेरच्यात यायला हवा, बाहेरच्यातून सुटायच्या आत खिडकीतून डोळ्याच्या कोपऱ्यात.

नवी_चालक: केलं! माझ्या बाजूला कुठेच हरवत नाही. पलीकडे मात्र आतल्यातून गेल्यावर दोन पावलं गायब असतो, मग बाहेरच्यात येतो.

गिअरबॉक्स: म्हणजे तो जास्त बाहेर गेलाय. केसभर आत घ्या आणि त्याला परत चालायला लावा.

नवी_चालक: जमलं. भाऊ चौथ्या फेरीला वैतागला, पण आता दोन्हीकडे सलग दिसतो. @वाटसरू उद्या मानही वळवणार आहे.