मदत हवी आहे: शेळ्या मारल्या, मानेला दोन भोकं, पण रक्त नाही. कोणतं जनावर असेल? (पन्हाळा-शाहूवाडी)

कासारीकाठ:

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची वस्ती कासारी नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून लांब. तिन्ही बाजूंनी ऊस, मागं झाडीचा डोंगर. तोड सुरू झाली आणि वस्तीवरची जनावरं मरायला लागली. आधी शेजारच्या काकांचं रेडकू गेलं, मग रानात बकरी बसवायला आलेल्या धनगरांच्या वाघरीतली (जाळीच्या वाड्यातली) मेंढरं. काल रात्री आमच्या गोठ्यातल्या चार शेळ्या. एक गाभण होती, आईनं तिला लहानपणी बाटलीनं दूध पाजून जगवलेली. सकाळपासून आई जेवली नाही.

चारपैकी एक ओढून नेली. बाकी तिन्ही जागीच पडल्यात, एक घासही खाल्लेला नाही. गळ्यावर फक्त भोकं, आणि जमिनीवर रक्ताचा डाग म्हणावा तर तोही नाही. गोठ्याच्या भिंती छातीएवढ्या, वर पत्रा अर्ध्यावरच. दारापाशी ओल्या मातीत ठसे आहेत: चार बोटं, मागं मोठी गादी, नखं उमटलेली नाहीत. रेडकाचं मात्र वेगळं होतं. शेपूट तुटलेलं, कान फाटलेले, मागच्या मांड्यांचे लचके, आणि तिथल्या ठशांत नखं स्पष्ट दिसत होती.

गावात आता रक्त पिणारं जनावर आलंय अशी हूल उठलीय. व्हॉट्सॲपवर अंगावर केस नसलेल्या, काळपट कातडीच्या प्राण्याचा फोटो फिरतोय. कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. मला त्या जनावरापेक्षा जास्त भीती वाटतेय ती दुसऱ्याच गोष्टीची. काही पोरं मेलेल्या शेळीत थायमेट (पिकावरचं विषारी कीटकनाशक) घालून ठेवू म्हणतात, कुणी कुंपणाला करंट सोडायचं बोलतंय. रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायला जाणारी माणसं त्याच बांधावरून चालतात हो!

हे जनावर कोणतं, ते खात्रीनं कसं सांगायचं? आणि शेळ्या अजून तशाच पडल्यात, पुरायच्या का?

गुरांचा दवाखाना:

ताई, आधी एक करा: शेळ्या हलवू नका, पुरू नका. वन खात्याला लगेच फोन लावा, हेल्पलाइन 1926. भरपाईसाठी 48 तासांच्या आत कळवावं लागतं आणि पंचनामा मृत जनावर जागेवर असताना व्हावा लागतो. ठशांवर पाटी किंवा घमेलं पालथं घालून ठेवा.

आता रक्ताचं. मी जनावरांचा डॉक्टर आहे, असं ‘रक्त प्यायलेलं’ जनावर पुष्कळदा बघायला मिळतं. बिबट्या गळा धरतो आणि श्वासनळी दाबून ठेवतो. शेळी मरते ती गुदमरून. सुळ्यांची भोकं लहान असतात, कातडी आणि केस त्यावर परत मिटतात. हृदय थांबलं की रक्त बाहेर फेकलं जात नाही, ते अंगातच खालच्या बाजूला उतरतं आणि गोठतं. पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करतील तेव्हा गळ्याची कातडी सोलून दाखवायला सांगा. आत काळंनिळं, रक्त साकळलेलं मांस दिसेल. गावातल्या चार जाणत्या माणसांना तिथं उभं करा. डोळ्यांनी बघितल्यावर निम्म्या अफवा तिथंच थांबतील.

सुळ्यांमधलं अंतर मोजतात, पण मोठ्या कुत्र्याचंही त्याच्या जवळपास येतं, म्हणून एकट्या त्यावर जाऊ नका. सगळं एकत्र बघा. गळ्यावर एकच घट्ट पकड, बाकी अंग स्वच्छ, ठशात नखं नाहीत, एक जनावर ओढत नेलेलं: हे बिबट्याचंच लक्षण. मांजराच्या कुळातला असल्यानं चालताना तो नखं आत ओढतो.

तीन न खाता का मारल्या, तर बंद गोठ्यात शेळ्यांना पळायला जागा नसते. त्या सैरावैरा धावतात, आणि समोर हललं की धरायचं ही त्याची उपजत वृत्ती पुन्हा पुन्हा जागी होते. यात भुताटकी काही नाही.

रानवाट शाहूवाडी:

ताई, आमच्या वाडीवर बी असंच झालं हुतं. ऊस तुटला की बिबट्याचा आडोसा जातो, त्यात पिल्लं असली तर मादी जवळपासच ऱ्हाते. फडात पिल्लं दिसली तर हात लावू नका, तिथंच सोडा आनि फॉरेस्टवाल्यांना सांगा.

रेडकाचं काम बिबट्याचं न्हाई. मागनं लचके, शेपूट, कान, ही कुत्र्यांची टोळी बगा. कोळसुंदा, म्हंजी रानकुत्रा, बी मागनंच धरतो, पन त्यो कळपानं येतो, जास्त करून दिवसा, आनि बघता बघता मांस संपवतो. तुमचं रेडकू न खाताच पडलं हुतं न्हवं? मग गावातलीच मोकाट कुत्री.

सह्याद्री वाचक:

त्या फोटोबद्दल. खरूज झालेलं कुत्रं किंवा कोल्हा बघितलाय का कधी? केस झडतात, कातडी जाड आणि काळी पडते, कान मोठे वाटायला लागतात. 1995 मध्ये पोर्तो रिकोत शेळ्यांचं रक्त पिणाऱ्या प्राण्याची अशीच आवई उठली, ‘चुपाकाब्रा’ नाव पडलं. पुढं 2007 मध्ये टेक्सासमध्ये असा एक बिनकेसाचा प्राणी मेलेला सापडला. डीएनए तपासला तर तो कायोटी, तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी निघाला.

विषाचं मात्र काहीही करून थांबवा. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, पोरं तुरुंगात जातील. शिवाय ते मांस आधी गावातली कुत्री, कावळे, घारी खाणार.

भरपाई 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांत कमी असेल ती रक्कम. बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा, कोळसुंदा यादीत आहेत. मोकाट कुत्री नाहीत, त्यामुळे काकांना रेडकाचं मिळणं अवघड दिसतंय.

कासारीकाठ:

डॉक्टरसाहेब, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. वनरक्षक दुपारी येऊन गेले, ठसे बिबट्याचेच म्हणाले. पंचनामा झाला. कातडी सोलली तेव्हा आत डॉक्टरांनी सांगितलं तसंच निघालं. करंटची भाषा करणारी पोरंही बघत होती, आणि थायमेटचा विषय तरी त्यांनी सोडलाय.

काकांचं मन मोडलंय, ते म्हशीसाठी सोसायटीचं कर्ज काढून बसलेत. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला दुसऱ्या कुठल्या योजनेतून, पशुधन विम्यातून वगैरे, काही मिळतं का? आणि गोठ्यावर वरून जाळी टाकायची आहे. किती जाडीची घ्यावी, बिबट्याचा भार पडला तर कोणती टिकते? कुणी बसवली असेल तर फोटो टाका, लवकर हवंय.