मदत हवी आहे: वाशिष्ठीकाठच्या कांदळवनात गाळाचा नमुना पाइपात दबतो, कार्बन कसा मोजावा?

नमस्कार मंडळी,

गोवळकोटच्या खाली दाभोळच्या दिशेने वाशिष्ठीच्या काठाला जे कांदळवन आहे, त्यात किती कार्बन साठलाय हे मोजायचं काम आम्ही कॉलेजची काही मुलं आणि आमचे सर मिळून करतोय. झाडांचं गणित जमलंय. तिवर-चिप्पी या झाडांचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घेतो, कांदळाचा सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंमी वर, आणि घेरावरून झाडाचं वजन काढायच्या कोमियामा या संशोधकांच्या सूत्राने वजन काढतो.

अडलंय ते गाळापाशी, आणि खरा साठा तर तिथेच असतो. डोनाटो आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनांत हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला, त्यात मातीचा वाटा ४९ ते ९८ टक्के.

आम्ही ओहोटीला पीव्हीसी पाइप ठोकून नमुना घेतो. पाइप मीटरभर आत जातो, पण बाहेर काढून मोजावं तर आत गाळ जेमतेम ७५ सेंमी. वरचा वीतभर थर लोण्यासारखा मऊ, तोच जास्त दबत असणार. खाली चिवट काळा गाळ, मुळांच्या तंतूंनी विणलेला. मग ही तूट सगळ्या लांबीवर सारखी वाटायची की वरच्या थरावरच धरायची? दबलेल्या गाळाची घनता फुगली की हेक्टरी आकडाही फुगतो. का पाइप सोडून अर्धगोल, उघड्या तोंडाचा ऑगरच (गाळात खुपसून, फिरवून नमुना काढायचं अवजार) वापरावा? स्टीलचा पाइप उभा कापून गावच्या वेल्डरकडून तो करून घेतलेला कुणी वापरलाय का?

दुसरं, गाळात कालवांच्या कवचांचे तुकडे फार आहेत. भट्टीत ४५० अंशांवर जाळून घटलेल्या वजनावरून सेंद्रिय भाग काढताना त्यांचा त्रास नाही, पण काही नमुने कार्बन विश्लेषक यंत्रावर पाठवायचेत, तिथे कवचांतला कार्बनही मोजला जाईल. कवचं घालवायला आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलं तर विरघळणारा सेंद्रिय कार्बनही वाहून जाईल ना?

शिवाय कोयनेचं वीज काढून सोडलेलं गोडं पाणी याच नदीत येतं, त्यामुळे नदीच्या वरच्या अंगाचे प्लॉट (मोजणीसाठी आखलेले तुकडे) वेगळे धरावेत असं मला वाटतं.

शेजारच्या गावात कोळंबीच्या तळ्यांसाठी ही झाडं तोडायचं बोलणं चाललंय. ग्रामसभेत आम्हाला आकडा ठेवायचाय, आणि कुणी उलटतपासणी केली तरी तो टिकायला हवा. खाडीत उतरून हे काम केलेल्यांनी कृपया लिहा. येत्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पुन्हा जाणार आहोत, त्याआधी पाइप की ऑगर एवढं तरी ठरवायचंय.