पिल्लू दुसऱ्याला देणं म्हणजे जबाबदारी झटकणं का?

दुपारसावली: तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे. हौसेनं आणलं भावानं, तो शिकायला बाहेरगावी गेला आणि पिल्लू आलं माझ्या गळ्यात. मी दहा तास घराबाहेर. परत यावं तर घरभर शू, सोफा कुरतडलेला आणि हे दारामागे शेपूट हलवत उभं. चांगलं घर बघून द्यावं असं मला वाटतं. आई म्हणते, "जीव आणलाय तर निस्तरा."

खडूसआजोबा: आईचं बरोबर आहे. या वयाचं पिल्लू तीन-चार तासांवर शू धरत नाही, तुम्ही दहा तास कोंडता. आणि दात? दुधाचे पडून पक्के 42 येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, ते कुरतडणारच. दुपारी कुणाला तरी फिरवायला बोलवा. अडचण आली की देऊन टाकायचं, ही सवयच वाईट.

रानजाई: आजोबा, दोष कुणाचा ते ठरवून त्याचे दहा तास कमी होणार आहेत का? द्यायचं तर आत्ताच. पिल्लू माणसांना, आवाजांना सरावतं ते मुख्यतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. तुमचे हेच दिवस चाललेत. वर्षभर कोंडून भित्रं झालेलं कुत्रं मग कोण नेणार?

खडूसआजोबा: आणि नेणाऱ्यानं परवा सोडून दिलं तर?

रानजाई: म्हणून आधी त्यांच्या घरी जाऊन यायचं. घरातले सगळे राजी आहेत का, घरमालकाला चालतं का, दिवसा कोण असतं, हे विचारायचं. नाही जमलं तर पिल्लू परत तुमच्याकडेच आणायचं, हे लिहून घ्यायचं. थोडे पैसेही घ्या. फुकट म्हटलं की कोणीही उचलून नेतं.

लोकरीचागुंडा: पैसे घेतले की ती विक्री झाली! माझा साफ विरोध. त्यापेक्षा लसीचं कार्ड नीट द्या. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची, लस 16 आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते, एक सुई टोचून लोक निर्धास्त होतात. जंताचं औषध कधी दिलं तेही लिहा. आठवडाभराचं नेहमीचं खाणंही सोबत द्या, एकदम बदललं की पोट बिघडतं.

दुपारसावली: एक विचारू? खाताना भांड्याजवळ हात नेला की ते गुरगुरतं. हे सांगायचं का? सांगितलं तर कोणी नेणारच नाही.

खडूसआजोबा: सांगाच! लपवलंत तर तिथल्या पोराचा हात फोडेल आणि पिल्लू जाईल रस्त्यावर. गुरगुरण्याबद्दल मात्र रागावू नका. भांडं हिसकावण्याऐवजी जाता-जाता त्यात काहीतरी चांगलं टाकत जा. या वयात हे बहुतेक सुधारतं.

रानजाई: आजोबा, म्हणजे द्यायला तुमची हरकत नाही तर.

खडूसआजोबा: हरकत आहेच. पण द्यायचंच तर खोटं बोलून नको.

दुपारसावली: रविवारी एक जोडपं येतंय. बघण्याचा कार्यक्रमच म्हणा. भांडं त्यांच्यासमोरच भरून ठेवणार आहे.